बाईंची चाचणी

“रेषा सत्तरवर मारू की पंच्याहत्तरवर, बाई?”

निरंजन वाळिंबे मिरजेला आपल्या जुन्या बाईंकडे आला होता. शिकण्यात मागे पडणाऱ्या मुलांसाठी सरकार नवा नियम करत होतं आणि त्या समितीत मानसशास्त्रज्ञ असा तो एकटाच. तो बोलायला लागला की सचिवसुद्धा गप्प बसायचे. हे त्याला आवडायचं, आणि ते लपवण्याची कला त्याला कधी जमली नव्हती.

“रेषेखाली कोण?” सुमतीबाईंनी विचारलं.

“बुद्ध्यंक कमी आला तो. त्याचं नाव नेहमीच्या शाळेतून काढायचं आणि त्याला वेगळ्या शाळेत पाठवायचं.”

“पुन्हा चाचणी?”

“नाही. एकदाच. शंकेला जागा ठेवली की नियम ढिला पडतो.”

बाईंनी कपाटाकडे बोट दाखवलं. “त्यातली चाचणीची पेटी काढ. माझी चाचणी घे.”

त्याला हसू आलं. लाल-पांढरे लाकडी ठोकळे, ते जुळवून करायच्या नक्षीची चित्रं, वेळ मोजायचं घड्याळ. याच टेबलाशी तो हे सगळं शिकला होता.

“घड्याळाला दयामाया नसते, असं तुम्हीच शिकवलंत हं,” तो म्हणाला.

“लाव.”

त्याने चित्र समोर ठेवलं आणि घड्याळ सुरू केलं.

बाईंनी ठोकळा उचलला. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा उजवा हात थरथरत असे. ठोकळा निसटला. त्यांनी तो पुन्हा उचलला. नक्षी त्यांना पाठ होती, पण हात ऐकत नव्हता...

निरंजनला बघवेना. या हाताने त्याच्या वह्या तपासल्या होत्या.

वेळ संपत आली. अजून दोन ठोकळे बाकी होते.

त्याने हळूच घड्याळ बंद केलं आणि पालथं ठेवलं.

बाई थांबल्या नाहीत. शेवटचा ठोकळा बसवून त्यांनी मान वर केली. नक्षी बरोबर होती.

“घड्याळ चालू असतं तर मला किती गुण?”

“या नक्षीचे... शून्य.”

“सगळ्याच नक्ष्यांना असं झालं, तर मी कुठल्या शाळेत?”

“बाई, तुमचा हात थरथरतो. त्याचा बुद्धीशी काय संबंध?”

“हे तुला चाचणीतून कळलं?”

“चाचणी कशाला हवी? मी तुम्हाला ओळखतो.”

बोलून गेला, आणि त्याची नजर पालथ्या घड्याळावर गेली...

बाई डाव्या हाताने ठोकळे पेटीत भरत होत्या. मदत करायला त्याचा हात पुढे झाला नाही. त्याला शरम वाटत होती.

“समितीला काय सांगू, बाई?” त्याने अखेर विचारलं. या वेळी त्याला आकडा नको होता.

बाईंनी घड्याळ उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं.

“माझ्यासाठी तू होतास. ज्या पोरासमोर ओळखीचं कुणीच बसलेलं नसेल, त्याच्यासाठी नियम लिही.”