अळूच्या पानातली विझलेली चूल

एका परसात अळूचं एक पान होतं आणि त्या पानात एक गाव होतं. हसू नका. डोळ्यांना दिसत नाही म्हणून गाव नसतंच, असं थोडंच आहे! शास्त्र शिकलेले लोक त्या गावाला पेशी म्हणतात. आपण आपलं गावच म्हणू.

गावाभोवती भक्कम भिंत होती. अशी भिंत झाडांच्या गावांना असते. प्राण्यांची गावं नुसत्या पातळ पटलावर भागवतात. इथे भिंतीच्या आत ते पटलही होतं, आणि आत काय घ्यायचं, बाहेर काय टाकायचं हे तेच बघायचं. गावचे कारभारी होते केंद्रकराव. कुणी काय करायचं, कसं करायचं, याच्या सगळ्या पोथ्या त्यांच्या घरात. पण घर मात्र एका कडेला, कारण मधली सगळी जागा रिक्तिकामावशीनं व्यापलेली. मावशी गावचं पाणी साठवायची. शिवाय कुणी म्हातारं, मोडकं झालं की त्याला मायेनं पोटात घेऊन विरघळवायची. तिच्या पोटातलं पाणी जहाल आंबट होतं. अंगाभोवतीचं पातळ आवरण धड होतं म्हणून ते आत राहायचं, इतकंच.

रायबोसोम नावाचे बारके कारागीर प्रथिनं विणायचे. गॉल्गी नावाचा अडत्या ती बांधून ज्याच्या त्याच्या दारी धाडायचा. हरितलवकांची हिरवीगार भावकी उन्हात बसून साखर करायची. आणि तंतुकणिकाबाई आपल्या बहिणी-लेकींसह चूल सांभाळायची. साखर जाळायची, तिच्यातली शक्ती काढायची, त्या शक्तीच्या लहान लहान पुड्या बांधायच्या आणि घरोघर नेऊन द्यायच्या. कारागिरांना विणायला पुडी लागे, पटलाला दार उघडायला पुडी लागे, मावशीला आपलं आवरण धड ठेवायलाही पुडीच लागे. पुडी रोज वेळेवर यायची, त्यामुळे ती कुठून येते हे विचारायची कुणाला गरजच पडली नाही.

एकदा सलग कितीतरी दिवस लख्ख ऊन पडलं. साखरेचे ढीग लागले आणि थोरल्या हरितलवकाच्या डोक्यात हवा गेली.

"मी दिवसभर राबून साखर करतो," तो चुलीपाशी येऊन म्हणाला, "आणि ही बाई ती जाळत बसते! वर धूर करते तो वेगळाच."

"अहो भाऊजी, तो धूर ओढूनच तर तुम्ही नवी साखर करता," तंतुकणिकाबाई हसली. "बसा घटकाभर. किती तणतण कराल?"

तो बसला. बाईचा स्वभाव मोकळा, आपल्याच गावात आपल्याच माणसांशी बोलतोय असं तिला वाटत होतं. बोलता बोलता तिनं घरची जुनी गोष्ट सांगितली.

"आमची मूळ आई इथली नव्हे, बरं का. फिरत फिरत आली होती. या गावाच्या पूर्वजानं तिला गिळलं, पण पचवलं नाही. तिनं आत राहून चूल पेटवली आणि त्यानं तिला घर दिलं. म्हणून आमच्या घराला दोन भिंती. बाहेरची गुळगुळीत, आतली घड्याघड्यांची. आणि ही बघा, तिच्या हातच्या पोथीची चार पानं अजून जपून ठेवलीत."

हरितलवकानं पानं नीट न्याहाळली, "बरंय, येतो," म्हणाला आणि तडक केंद्रकरावांच्या दारात जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावासमोर केंद्रकरावांनी नवा नियम वाचून दाखवला. ज्याच्या घराला दोन भिंती आणि ज्याच्या घरात स्वतःची वेगळी पोथी, तो उपरा. उपऱ्याला या गावात थारा नाही.

"मग मी जाऊ कुठे, राव?" तंतुकणिकाबाईनं विचारलं. "आमची पोथी केवढी थोरली होती! आमच्या आया-आज्यांनी ती विश्वासानं तुमच्याच घरात ठेवायला दिली. माझ्यापाशी उरली चार पानं. तेवढ्यावर मी बाहेर एक दिवस तरी जगेन का?"

"म्हणून तर तुला बाहेर काढत नाही," केंद्रकराव म्हणाले. "मावशी, हिला आणि हिच्या सगळ्या गोतावळ्याला पोटात घ्या."

मावशीनं तंतुकणिकाबाईकडे पाहिलं. इतक्या दिवसांची सोबत होती. मावशीच्या दारात पहिली पुडी हीच आणून द्यायची.

"राव, मी म्हाताऱ्यांना घेते, मोडक्यांना घेते," मावशी चाचरत म्हणाली. "ही तर चांगली धडधाकट आहे. चूल पेटलेली आहे अजून."

"मग विझवा. हुकूम आहे."

मावशी गावात सगळ्यात मोठी होती. तिनं नुसतं "नाही" म्हटलं असतं, तर तिला हलवायची कुणाची छाती नव्हती. केंद्रकरावांचीही नव्हती. पण तिनं मान खाली घातली. आपण बोललो तर उद्या आपल्यावरही काहीतरी किटाळ यायचं, असा विचार तिनं केला. असा विचार करणाऱ्यांची मला मनस्वी चीड आहे, पण ते राहू दे.

"मावशी, तुम्ही तरी सांगा हो यांना," तंतुकणिकाबाई म्हणाली.

मावशीनं डोळे मिटले आणि तिला गिळलं. मग तिच्या बहिणींना, मग लेकींना. शेवटची लेक पुडी बांधत होती. ती पुडी अर्धीच राहिली.

त्या दिवशी कुणाला फारसं काही जाणवलं नाही. घरात उरल्यासुरल्या पुड्या होत्या. "मी आहे ना!" असं हरितलवक सगळ्यांना सांगत फिरला. पुड्या त्यालाही बांधता येत होत्या, पण उन्हात. आणि त्या त्याच्याच घरी साखर करण्यात खपायच्या. ऊन कललं तशा त्याही संपल्या.

मग एकेक काम थांबायला लागलं. कारागिरांचे हात अर्ध्या विणीवर थांबले. गॉल्गीच्या दारात सामान तसंच पडून राहिलं. पटलाला दार धड उघडता येईना, धड लावता येईना. साखरेचे ढीग मात्र जिथल्या तिथे होते. त्या ढिगांना टेकून सगळं गाव उपाशी बसलं होतं, कारण नुसती साखर कुणाच्याच कामाची नव्हती.

केंद्रकरावांना कुणाला तरी बोल लावायचा होता. ते हरितलवकावर ओरडले, "तुझ्यामुळे झालं हे! आणि तुझ्या घराला तरी किती भिंती आहेत रे? दाखव!"

हरितलवकाचा चेहरा उतरला. त्याच्याही घराला दोन भिंती होत्या. त्याच्याही पेटीत वेगळ्या हातची पोथी होती. त्याचीही मूळ आई अशीच बाहेरून आलेली, अशीच गिळलेली. सगळं ठाऊक होतं त्या मेल्याला, आधीपासून ठाऊक होतं.

"मावशी, यालाही घ्या पोटात!" केंद्रकराव किंचाळले.

"राव, आधी स्वतःच्या घराकडे बघा की!" हरितलवक रडत ओरडला. "तुमच्या घराला तरी दुसरं काय आहे? दोनच भिंती आहेत!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. खरंच दोन भिंती होत्या. इतके दिवस गाव त्या घरासमोर हात जोडून उभं राहत होतं आणि भिंती मोजायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"मला आता कुणालाच घेता येणार नाही," मावशी हळूच म्हणाली. "माझं आवरण विरत चाललंय. दोन पुड्या असत्या तर सावरलं असतं. आहे का कुणाकडे एखादी?"

कुणाकडेच नव्हती.

आवरण फाटलं आणि मावशीच्या पोटातलं जहाल पाणी गावभर पसरलं. त्यात कारागीर विरघळले, गॉल्गी विरघळला, हरितलवक आपल्या पोथीसकट विरघळला. शेवटी पाणी केंद्रकरावांच्या दोन्ही भिंतींमधून आत शिरलं. उरली ती गावाबाहेरची भक्कम भिंत, आणि तिच्या आत काही नाही.

हे इथेच संपलं असतं तरी बरं झालं असतं. पण नियम वाचला त्याच दिवशी भिंतीतल्या बारीक फटींतून त्याची बातमी शेजारच्या गावांत पोचली होती. त्या गावांना नियम फार आवडला. त्यांनीही आपापल्या चुली विझवल्या.

काही दिवसांनी त्या घरची गोदाक्का परसात अळूवड्यांसाठी पानं खुडायला आली. तिनं एक पान उलटंपालटं करून पाहिलं. त्यावर मोहरीएवढा तपकिरी डाग पडला होता.

"कीड लागली वाटतं," ती सुनेला म्हणाली. "कुठून येते मेली कोण जाणे. टाक गं ते खतात."

सुनेनं पान खतात टाकलं. पानाला कुठूनही कीड आलेली नव्हती.

तात्पर्य सांगायलाच हवं का? बरं, ऐका: उपरा कोण हे ठरवायला बसाल, तेव्हा आज जेवलात कुणाच्या चुलीवर ते आधी आठवा, आणि ज्याच्या एका "नाही"नं अन्याय टळला असता तो गप्प राहिला, तर त्यानं गिळलेलं सगळ्या गावाला भोवतं.