तालमीतलं काळं तोंड

घानाहून आलेल्या क्वामेनं आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाला ढाल मिळवून दिली. त्याला पाडणाऱ्यालाही तो हात देऊन उठवायचा. पोरांपुढं आदर्श म्हणून त्याचा फोटो लावायचं ठरलं, तर अध्यक्ष हिंदुराव भडकले, "काळं तोंड भिंतीवर नको! कप्तानाचा लावा."

कप्तान? पिऊन पंचाला मारणारा!

मी तिथली झाडूवाली. समई उचलून भिंतीवरच्या जुन्या फोटोपुढं धरली. उदबत्तीच्या धुरानं चेहरा पार काळा पडलेला, नुसते दोन डोळे रोखलेले. वारा नव्हता, तरी ज्योत थरथरली.

"दादा, ह्या काळ्या तोंडाच्या रोज पाया पडताय. तुमच्या वडलांनाबी उतरवू का?"

हिंदुरावांची नजर त्या डोळ्यांवरून हलेना. तसेच पुटपुटले, "क्वामेसाठी खिळा आण."