राजाने दिलेला दगड

एका राज्यात तीन डोंगर होते. उंचीने बेताचे, वर ना देऊळ, ना गड. लोक त्यांना मुके डोंगर म्हणत. प्रत्येकाला एक गोल वाट होती, पायथ्यापासून निघून शिखराला टेकणारी आणि दुसऱ्या अंगाने पुन्हा पायथ्याला येणारी. मन जड झाले की माणसे तो फेर चालून येत. रीत एकच. निघताना पायथ्याशी आपल्या हाताने एक दगड ठेवायचा, उतरल्यावर तो उचलायचा. त्या दगडावरून डोंगर माणसाला ओळखी आणि खाली सोडी.

राजा दृढवर्मा जन्मात तो फेर चालला नव्हता. पालखीतून पाहणाऱ्याला ते दगड म्हणजे नुसती अडगळ. त्याने हुकूम सोडला, "दगड उचला आणि माझ्या सिंहासनाला तीन पायऱ्या बांधा." राजा बोले, दल हाले. दुपारपर्यंत तिन्ही पायथे मोकळे झाले. वर कोण कोण गेले आहे, हे कुणीही विचारले नाही. राजाची एकुलती लेक कुमुदिनी त्या वेळी तिसऱ्या डोंगरावर होती.

त्या दिवशी वर असलेले कुणी उतरले नाही. उतरणीला लागावे तो पाय पुन्हा चढणीवरच येत. सात वर्षे माणसे तशीच फिरत राहिली. खाली घरोघर एकेक ताट रिकामे राहू लागले, आणि राजाला सिंहासनाच्या पायऱ्या चढवेनात.

सातव्या वर्षी एक निळी कस्तूर राजाच्या खिडकीत येऊन बसली. डोंगरात शीळ घालते तीच पक्षीण. ती म्हणाली, "राजा, पायऱ्या फोड. एकेक पायरी डोक्यावर वाहून ज्या त्या डोंगराला परत दे. मग फेर चालून वरच्यांना हाक मार. खालचा आवाज त्यांना ऐकू जात नाही."

"मी उतरेन का?"

"आपला दगड ठेवशील तर उतरशील. ठेवलेला दगड दुसऱ्याला देताही येतो. पण दिलेला परत मिळत नाही."

राजाने पायऱ्या फोडल्या. पहिल्या डोंगरावरून एकोणीस माणसे उतरली, दुसऱ्यावरून अकरा. कुणी राजाला मुजरा केला नाही, आणि त्यालाही तो नको होता. त्याची टाळू सोलवटली होती.

तिसऱ्या पायथ्याशी त्याने दगड मांडले. कुमुदिनीचा पांढरा खडा त्यांत नव्हता. बरोबरचा म्हातारा गवंडी खाली मान घालून म्हणाला, "महाराज, चुनखडीचा होता. आम्ही भट्टीत घातला. आपल्या महालाच्या भिंतींना लागला तो."

राजाने करड्या रेघेचा आपला दगड ठेवला आणि चढू लागला. वाटेत भेटेल त्याला तो खाली धाडत गेला. शिखरापाशी लेक भेटली. पायांत वहाणा उरल्या नव्हत्या.

"तात, आपण चालत आलात?"

एवढेच तर तिने लहानपणापासून मागितले होते.

"कुमुद, पायथ्याशी करड्या रेघेचा दगड आहे. तो मी तुला दिला. उचल आणि घरी जा."

"आणि आपण?"

"मी सावकाश येतो. सवय नाही ना."

ती उतरली, तिने दगड उचलला आणि वाट पाहत बसली. दिवस कलला तेव्हा कस्तुरीने तिला खरे काय ते सांगितले. मग ती रडली, फार रडली.

अडकलेली बाकी सारी माणसे घरी परतली. कुमुदिनी राणी झाली. तिचे सिंहासन जमिनीलाच टेकलेले राहिले. पायथ्याशी पुन्हा दगड मांडले जाऊ लागले, आणि लोक फेर चालून सुखरूप घरी येऊ लागले.

तिसऱ्या डोंगरावर मात्र एक म्हातारा अजून चालत असतो. कुणी समोरून आले की बाजूला होऊन वाट देतो. कुमुदिनी दर पौर्णिमेला तो फेर चालते, आणि चढणीपासून उतरणीपर्यंत दोघे बरोबर चालतात. उतरण लागली की म्हातारा थांबतो, आणि तिला एकटीला उतरावे लागते.