तीन ओसऱ्यांची शाळा

सगळ्यांनी आडवं व्हा बघू. पाय पांघरुणात घ्या. मी सांगते, तुम्ही हुं म्हणत राहा. हुं थांबलं की मी समजेन, झोपलात.

एकदा काय झालं, एका गावात होतं एक तळं आणि तळ्यात राहायची एक जखीण. तळ्याकाठी माणसाहून उंच लव्हाळं वाढायचं. गावातला रायाबा त्या लव्हाळ्याच्या चटया विणून पोट भरायचा. त्याला एकच लेक, येसू. तिला आई नव्हती, तिचं सगळं म्हणजे बापच. एका हिवाळ्यात रायाबा जखिणीला न विचारता खोल पाण्यातलं लव्हाळं कापायला गेला. मग काय, जखिणीनं ओंजळभर पाणी मारलं आणि रायाबाचा झाला बगळा. येसू काठावरून हाका मारतेय आणि तो नुसता मान वळवून बघतोय.

येसू रडली. पोटभर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "जखिणीबाई, माझा बाप परत कसा मिळेल ते सांग."

जखीण म्हणाली, "माझ्या विणीची चटई इथं, माझ्यासमोर विण. एक काडी चुकली की संपलं. आणि थंडी सरली की पाखरांचे थवे उडून जातील. तुझा बापही त्यांच्याबरोबर जाईल. मग माझ्याकडे येऊ नकोस."

आता जखिणीची वीण गावात शिकवायचे एकटे पंतोजी. त्यांच्या शाळेला तीन ओसऱ्या होत्या, बरं का. एक कानाची, तिथं पोरं ऐकून शिकायची. एक डोळ्याची, तिथं भिंतीवरची चित्रं बघून. आणि एक हाताची, तिथं करून करून. कुणी कुठं बसायचं? तर पंतोजी मोरपीस घ्यायचे. कानाला लावायचे, पापणीला लावायचे, तळहाताला लावायचे. जिथं गुदगुल्या होतील, ती त्या पोराची ओसरी. एकदा ठरलं की ठरलं. मला विचाराल तर हे गुदगुल्यांचं शास्त्र मला कधी पटलं नाही, पण पंतोजींना कोण सांगणार?

येसू तळहाताला हसली. तिला मिळाली हाताची ओसरी.

मग येसू विणायला लागली. बोटं भराभर चालायची, पंतोजीही खूश. पण एक दिवस तिच्या नाकावर माशी बसली. तिनं माशी हाकलली आणि परत बघते तर कुठली काडी वर घ्यायची, कुठली खाली, काही कळेना. बोटं पहिल्यापासून सुरू केली तरच चालायची. मध्येच थांबली की अडली. जखीण काय, एक माशी सोडेल की येसूचा बाप कायमचा गेला.

ती उठली आणि पंतोजींसमोर उभी राहिली. "पंतोजी, मला कानाच्या ओसरीत बसू द्या."

"तू हाताची पोर," पंतोजी म्हणाले. "कानाला पीस लावलं तेव्हा खांबासारखी उभी होतीस. तुला तिथं बसवायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

"मला वेळ लागेल," येसू म्हणाली. "लागू दे."

पंतोजी नाही म्हणाले, तरी ती जाऊन बसली. त्यांनी उठवलं, ती पुन्हा बसली. पुन्हा उठवलं, पुन्हा बसली. मग पंतोजीच थकले.

कानाच्या ओसरीत विणीचं गाणं होतं:

दोन खाली, एक वर,
मधली काडी पोटात धर,
काठ आला की मागं फिर,
घाई कशाला? धर की धीर.

बाकीच्या पोरांना ते एकदा ऐकून यायचं. येसूला वर आठवलं की खाली विसरायचं. पोरं हसायची. तिला लाज वाटायची, रागही यायचा, पण जागची हलली नाही. पाणी भरताना म्हटलं, भाकरी थापताना म्हटलं, तळ्यावर जाऊन बगळ्याला म्हणून दाखवलं. शेवटी गाणं बसलं. मग ती डोळ्याच्या ओसरीत गेली. तिथं भिंतीवर विणीचं चित्र होतं, काडीन् काडी दाखवलेलं. येसूनं ते मातीत काटकीनं काढलं, चुकलं, पुसलं, परत काढलं. डोळे मिटले तरी चित्र दिसायला लागलं, तेव्हाच उठली.

तोवर थंडी सरत आली होती, ऊन तापू लागलं होतं. तळ्यावर पाखरं गोळा होत होती. येसूनं लव्हाळ्याची पेंढी डोक्यावर घेतली आणि गेली.

जागे आहात ना? हां.

येसू विणायला बसली. जखिणीनं फुंकर मारली आणि एवढं दाट धुकं आलं, की तिला स्वतःचे हात दिसेनात. येसू गाणं म्हणू लागली आणि गाण्याच्या मागोमाग विणत गेली. मग जखिणीनं धुकं आवरलं आणि सगळ्या पाखरांना ओरडायला लावलं. असा कलकलाट, की गाणं तोंडातल्या तोंडात विरलं. येसूनं ओठ मिटले आणि बोटांना म्हणाली, आता तुम्ही चला. बोटं मध्ये थांबली नव्हती, ती चालत राहिली. आता जखीण चिडली. तिनं तळाचं गारेगार पाणी येसूच्या हातांवर ओतलं. बोटं बधिर झाली, लाकडासारखी. मग येसूनं ते चित्र डोळ्यांसमोर आणलं आणि एकेक काडी दातांनी ओढून बरोबर जागी बसवली.

शेवटची काडी बसली आणि पाखरं उडाली. सगळा थवा. बगळ्यानंही पंख पसरले आणि उडाला.

"बाबा," येसू म्हणाली, "चटई झाली. ये, बस."

बगळ्यानं वर एक घिरटी घेतली आणि खाली आला. त्याचे पाय चटईला लागले आणि झाला रायाबा. जखीण चटईभोवती फिरली. चूक सापडेना. गेली बापडी पाण्यात.

येसूला बापाचा हात धरायचा होता, पण बोटं मिटेनात. मग रायाबानंच तिचे हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि ऊब येईपर्यंत चोळत बसला. "आता न विचारता खोल पाण्यात जायचं नाही," ती म्हणाली. "नाही जाणार," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून पंतोजींनी सगळी पोरं सगळ्या ओसऱ्यांत फिरवली. रायाबा आणि येसू चटया विणत सुखानं राहिले, तसे तुम्हीही राहा. कुणाचं हुं ऐकू येत नाही. बरं झालं. झोपा आता.