पोपटरावांची दहा पिंपं

पाथरमाळ नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात पोपटराव काळेल नावाचे एक गृहस्थ होते. माणूस मनाने चांगला, हाताने सढळ, पण घाईचा एवढा की गरम चहाने जीभ भाजून घेणार आणि दोष कपाला देणार. एखादी बातमी खरी की खोटी हे गावाला कळेपर्यंत पोपटराव पायात चपला सरकवून निघालेले असत.

पाथरमाळला उन्हाळ्यात पाणी नसे. होळी झाली की विहिरी कोरड्या पडत आणि मग दर चार दिवसांनी जब्बारभाईंचा टँकर येई. त्यामुळे गावात माणसाची ऐपत ओळखायची ती पिंपांवरून. सोनं कपाटात राही, पण निळी पिंपं दारात रांगेने उभी असत आणि त्यांच्यावर मालकाचं नाव रंगवलेलं असे. कोणाकडे दोन, कोणाकडे तीन. पोपटरावांकडे सहा होती आणि लेकीचं, रेश्माचं लग्न ठरल्यावर त्यांनी आणखी चार आणली.

लग्न रविवारी होतं, दारातच. मुलाची आई आधी या सोयरिकीला तयार नव्हती. "तुमच्या गावात पाण्याचे हाल. आमची माणसं तहानेनं कासावीस व्हायची," असं तिने तोंडावर सांगितलं होतं. पोपटराव तिथल्या तिथे म्हणाले, "विहीणबाई, एका जरी पाहुण्याला पाणी कमी पडलं, तर वऱ्हाड तसंच माघारी न्या." दाराआडून ऐकणाऱ्या रेश्माच्या काळजात धस्स झालं होतं, कारण तिला मुलगा फार आवडला होता. टँकर शुक्रवारी यायचा होता. दहा पिंपं भरली की काळजी मिटली, असं सगळं ठरलेलं होतं.

आणि बुधवारी दुपारी तालुक्याहून मेव्हण्याचा फोन आला.

"दाजी, उद्यापासनं डिझेल बंद! पंपावर पाय ठेवायला जागा न्हाय! लग्नाच्या गाड्यांचं काय करणार तुम्ही?"

बंद कोण करणार, कशासाठी करणार, किती दिवस करणार, यातलं मेव्हण्याला काहीच माहीत नव्हतं. पोपटरावांनीही विचारलं नाही. वऱ्हाड आणायला दोन टेम्पो पाठवायचे होते आणि त्यांना चाळीस लिटर डिझेल लागणार होतं. एक पिंप पिकअपमध्ये टाकून ते सुसाट निघाले.

पंपावर जत्रा भरली होती. ट्रॅक्टर, ट्रक, मोटारसायकली, डोक्यावर कॅन घेतलेल्या बायका, सगळे एकाच वेळी ओरडत होते. शेवटी वैतागलेला पंपमालक खुर्चीवर चढला आणि म्हणाला, "एका भांड्याला पन्नास लिटर! त्याच्यावर थेंब मिळणार न्हाय!" यामुळे लोक आवरतील असं त्याला वाटलं. लोक कसले आवरतात! ते आणखी भांडी आणायला घराकडे पळाले.

पोपटरावांना पन्नास लिटर मिळालं. लागणार होतं त्यापेक्षा दहा लिटर जास्तच. एवढ्यावर ते घरी गेले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण त्यांच्या पुढच्या माणसाने चार कॅन पुढे करून दोनशे लिटर नेलं, आणि ते त्यांच्या जिव्हारी लागलं. आपल्या दारात नऊ पिंपं रिकामी उभी आहेत आणि आपण एकावर परत जायचं? त्यांनी गाडी वळवली आणि धूळ उडवत दारात आणून उभी केली.

"सिंधू, पिंपं चढव गाडीत!"

"अवं, ती पाण्याची हायती," त्यांची बायको म्हणाली. "कालच घासून पालथी घातलीत मी."

"पाण्याचं शुक्रवारी बघू. डिझेल संपलं तर वऱ्हाड काय बैलगाडीनं आणायचं?"

"आणा की. पाच कोसाचं तर अंतर हाय."

हे ऐकायला पोपटराव थांबलेच नाहीत. नऊ पिंपं धडधडत गावातून निघाली आणि पाराजवळ बसलेल्या माणसांनी कान टवकारले. पोपटआण्णा एवढी पिंपं नेतोय म्हणजे त्याला नक्की काहीतरी आतलं कळलंय! झालं. बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि सगळं गाव उठलं. पिंपं निघाली, कॅन निघाले, बादल्या निघाल्या. कोणी आजोळहून आलेलं तांब्याचं घंगाळ नेलं. एका गृहस्थाकडे तर साधी सायकलसुद्धा नव्हती, तोही तीन पिंपं घेऊन रांगेत उभा राहिला आणि सगळ्यांत जास्त भांडला. दिवस मावळेपर्यंत पाथरमाळमध्ये असं भांडं उरलं नाही की ज्याच्या तळाशी डिझेल नाही. पिंपं जेमतेम पाव भरली होती, पण गाव भरून पावलं होतं.

गेल्या नव्हत्या त्या फक्त शेजारच्या गोजरामावशी. त्यांच्या चार शेळ्या, दोन पिंपं आणि फटकळ जीभ, एवढाच त्यांचा संसार होता. पोपटराव मिशीत हसत त्यांना म्हणाले, "मावशी, तुम्ही न्हाय आणलं डिझेल?"

"कुणाला पाजू? माझ्या शेळ्या पायानं चालत्यात."

सगळे खदखदून हसले. सगळ्यांत मोठ्याने पोपटरावच हसले.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता टेकडीपलीकडून टँकरचा हॉर्न वाजला. त्या हॉर्नला पाथरमाळची माणसं ताटावरूनसुद्धा उठतात. सगळे धावले. पिंपं गडगडवत, ढकलत, एकमेकांच्या पायावर आणत रस्त्याच्या कडेला रांग लागली. पोपटरावांनी आपल्या दहाच्या दहा पिंपांची झाकणं फटाफट उघडली, आणि डिझेलचा भपकारा त्यांच्या नाकात शिरला.

जब्बारभाई जाड पाइप हातात घेऊन उभे होते. त्यांनी पहिल्या पिंपात डोकावून पाहिलं, दुसऱ्यात पाहिलं, मग सगळ्या रांगेवरून नजर फिरवली.

"आण्णा," ते म्हणाले, "पाणी ओतू कशात?"

मग जी तारांबळ उडाली ती काय सांगावी! बायका घरात पळाल्या आणि कुकर, कढया, पातेली, परात, जे हाताला लागेल ते घेऊन आल्या. कोणी बाळाचा आंघोळीचा टब आणला. एकीने मिक्सरचं भांडं आणलं. पोपटरावांनी तीन पिंपांतलं डिझेल चौथ्यात रिचवलं, रिकाम्या पिंपांवर साबणाची पूड, राख, चिंच, लिंबं यांचा मारा केला, दंडापर्यंत हात घालून ती घासली, आणि त्यातल्या एकात दोन बादल्या पाणी घेऊन म्हशीपुढे ठेवलं. म्हशीने नाक फेंदारलं आणि तोंड फिरवलं. जे पाणी म्हैस पीत नाही ते विहीणबाई पिणार होत्या का?

रेश्मा उंबऱ्यात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

"आण्णा, आता काय वो?"

पोपटराव जब्बारभाईंकडे वळले. "भाई, आजचं राहू द्या. उद्या परत या. तवर मी नवी पिंपं आणतो."

"उद्या न्हाय येणार. परवाबी न्हाय. ही शेवटची खेप."

"का?"

"टँकर काय पाण्यावर चालतोय? सकाळपासनं तीन पंप पालथे घातले. सगळं डिझेल लोकांनी भांड्यांतनं नेलंय म्हणत्यात. घरी जाण्यापुरतं हाय माझ्याकडं, बास."

"कुठली लोकं वो असली?" पोपटराव तावातावाने म्हणाले.

जब्बारभाई फक्त त्या निळ्या रांगेकडे पाहत राहिले. मग सगळं गावच आपापल्या पिंपाकडे पाहू लागलं. टँकरात जायचं ते डिझेल पिंपांत होतं आणि पिंपांत जायचं ते पाणी टँकरात अडकलं होतं. दोन्ही एकाच रस्त्यावर, दहा पावलांच्या अंतरावर उभी होती आणि कोणाच्याच उपयोगाची नव्हती. पोपटरावांना इतकी लाज वाटली की कानांच्या पाळ्या तापल्या.

तेवढ्यात गोजरामावशींनी आपली दोन पिंपं भरून घेतली. एक त्यांनी आपल्या दाराशी ठेवलं आणि दुसऱ्याला हात लावून म्हणाल्या, "पोपट, हे तुझ्या दारात ने. पोरीचं लगीन हाय."

पोपटरावांनी मान वर केली नाही. त्यांची बायको मात्र एकदम ओरडली, "अवं, मुरघासाचा खड्डा! वैरण संपलीया, मोकळाच पडलाय की! मांडवाची नवी ताडपत्री अंथरा त्यात!"

खड्डा पोपटरावांच्याच अंगणामागे होता, वीस फूट लांब आणि पुरुषभर खोल. जनावरांचा ओला चारा त्यात दाबून ठेवत. चौघांनी तो खराट्याने झाडला, कोरी ताडपत्री पसरली, कडांना दगड लावले. सगळा टँकर मावेल एवढी जागा झाली. जब्बारभाईंनी गाडी मागे घेतली आणि विचारलं, "कुणाच्या नावावर रिकामा करू? सही एकाचीच लागती."

खड्डा पोपटरावांचा, ताडपत्री पोपटरावांची. ते 'माझ्या' म्हणाले असते तर कोणाला तोंड उघडता आलं नसतं. त्या पाण्यात लग्न थाटात पार पडलं असतं, वर पाचशे पाहुण्यांनी आंघोळी केल्या असत्या. पोपटरावांच्या ओठांवर तो शब्द आला होता. समोर सत्तर घरांची माणसं कढया आणि कुकर घेऊन उभी होती, आणि गोजरामावशी एकट्याच ते भरलेलं पिंप तिरकं करून, कण्हत कण्हत पोपटरावांच्या दाराकडे सरकवत होत्या.

"गावाच्या!" पोपटराव ओरडले. आवाज एवढा चढला की ते स्वतःच दचकले. "गावाच्या नावावर करा रिकामा! आणि भाई, तुमच्या टाकीचं झाकण काढा!"

त्यांनी आपलं पहिलं पिंप उचललं. धोतराचं धुतलेलं पान चौपदरी करून टाकीच्या तोंडाला लावलं आणि डिझेल गाळून ओतायला सुरुवात केली. जब्बारभाई नको नको म्हणत होते. "आण्णा, लग्नाच्या गाड्यांना लागंल की!"

"त्यांना एक पिंप पुरतंय. पहिल्यापासनं पुरतच हुतं. बाकीचं तुमचं. तुमची गाडी थांबली तर आमचं गाव थांबतंय."

मग मागे कोण राहतो! तो बिनसायकलीचा गृहस्थ आपली तीन पिंपं गडगडवत सगळ्यांच्या पुढे आला. टँकरची टाकी तुडुंब भरली. उरलेलं डिझेल गावाने एकत्र केलं, ते पुढच्या खेपांना ठेवलं आणि देवळामागे सावलीत झाकून टाकलं. मागे खड्ड्यात पाणी धो धो पडत होतं. कढया, पातेली, कुकर घेऊन रांग लागली आणि प्रत्येक घराला तीन-तीन हंडे मोजून मिळाले. शनिवारी टँकर आला. रविवारी भल्या सकाळी पुन्हा आला. असं त्या गावात कधी घडलं नव्हतं. लोक हॉर्न ऐकून टाळ्या वाजवत होते.

रविवारी दहाच्या सुमाराला दोन्ही टेम्पो वाजतगाजत आले. विहीणबाई खाली उतरल्या त्या थेट खड्ड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. काठोकाठ पाणी बघून त्यांनी तोंडाला पदर लावला.

"एवढं पाणी! आणि आम्हाला तर कळलं हुतं की डिझेलपायी तुमचा टँकरबी बंद पडला म्हणून."

दुसरा कोणी असता तर हसून वेळ मारून नेली असती. लेकीचा संसार या बाईच्या हातात होता. तरी पोपटराव म्हणाले, "बंदच पडणार हुता, विहीणबाई. त्याचं डिझेल माझ्या पाण्याच्या पिंपात हुतं. ही सगळी माझीच करणी."

दाराआड रेश्माने श्वास रोखून धरला होता. मग विहीणबाईंनी इकडे तिकडे पाहिलं, दोन पावलं जवळ आल्या आणि आवाज खाली आणला.

"भाऊ, कुणाला सांगू नका. आम्हीबी सात भांडी भरली. शेवटी जागा उरली न्हाय म्हणून आमच्या ह्यांनी डिझेल आंघोळीच्या बंबात ओतलं. दोन दिस झालं, घरात कुणी आंघोळ केली न्हाय. नवऱ्या मुलाच्या अंगावर कालची हळद तशीच हाय. आधी त्याला दोन बादल्या पाणी द्या, मग लग्न लावू."

पोपटराव स्वतः बादल्या घेऊन धावले.

तात्पर्य: भीतीपोटी साठवलेली जास्तीची वस्तू आपल्या गरजेच्या वस्तूची जागाही अडवते आणि वाटही.