पाहुण्याचा पोहरा

एकदा एक सुपारीचा व्यापारी पन्नाशी उलटल्यावर समुद्राच्या प्रेमात पडला. जन्मभर त्याने गलबतांत माल भरला होता, पण किनाऱ्यावर उभे राहून. आता मुलगे कर्ते झाले, तेव्हा त्याने स्वतःसाठी एक सागवानी नाव बांधून घेतली, तिला पितळेच्या कड्या, पितळेचे कठडे असा साज चढवला आणि दक्षिणेकडच्या बेटांच्या सफरीला निघायचे ठरवले. हौसेला मोल नसते म्हणतात, वयही नसते. माणूस मात्र शहाणा. नाव हाकायला त्याने नोकर ठेवला नाही, गुरू केला. एका वृद्ध तांडेलाला, म्हणजे नावेच्या कारभाऱ्याला, त्याने हात जोडून सांगितले, "बंदरात मी शेट. पाण्यावर तुमचा विद्यार्थी." आणि हे तो मनापासून म्हणाला होता.

तांडेल मितभाषी होता. नाव दोन दिवस चालते आणि चार दिवस सेवा मागते, एवढे एक वाक्य त्याने पहिल्या दिवशी ऐकवले आणि शिष्याला कामाला जुंपले. व्यापारी फळ्यांच्या फटींत कापूस ठासायला शिकला, वर राळ आणि तेल चोपडायला शिकला, तळात झिरपलेले पाणी उपसायला शिकला. त्याच्या मऊ तळहातांना घट्टे पडले. ते घट्टे तो आल्यागेल्याला दाखवी. दाखवण्यासारखे दुसरे काही सुपारीने त्याला दिले नव्हते!

नाव बेटामागून बेटे घेत होती. प्रत्येक बेटावर व्यापारी उतरे, माडांच्या बनातून हिंडे, उथळ निळ्या पाण्यात डुंबे, लोकांशी गप्पा मारी. बेटावरची माणसे आतिथ्यशील. कोणी मासे आणून देई, कोणी चटई अंथरी. महिना उलटला, पण त्याला कुठे कोणी 'नाही' म्हणाले नाही. आपला स्वभावच लोकांना आवडतो, असा त्याने त्याचा अर्थ लावला. गोड गैरसमज फार लवकर अंगी लागतो.

फाल्गुनाच्या अखेरीस नाव एका चिमुकल्या बेटाला लागली. चौदा घरे आणि मध्ये एक विहीर. तळाला शिंपले चिकटून नाव जड झाली होती, म्हणून तांडेलाने तिला भरतीला वाळूवर चढवले आणि ओहोटी लागताच हाताखालच्या दोन खलाशांना घेऊन तो तळ खरवडायला बसला. तीन दिवसांचे काम होते. व्यापाऱ्याला तो म्हणाला, "शेट, पितळेवर मीठ चढलंय. तेवढं त्याला गोडं पाणी दाखवा."

पाणी दाखवा, असे तांडेल म्हणाला. त्याच्या मनात होते ओले फडके. व्यापाऱ्याच्या मनात आले ते वेगळेच.

विहीर उथळ होती, वाकून हात घातला तर पाणी लागावे इतकी. पाणी इतके जवळ म्हणजे ते उदंडच असणार, असे व्यापाऱ्याला वाटले. त्याने पोहरा सोडला. तीन दिवस तो पोहरे काढत राहिला. कड्या धुतल्या, कठडे धुतले, मग उत्साहाच्या भरात अख्खी नाव वरून धुतली. शिडाची कापडे खळबळून काढली. समुद्रस्नान झाले की अंगावरचे मीठ घालवायला पुन्हा दोन पोहरे. विहिरीशेजारच्या घरातली बाई, जिला सारे बेट काकी म्हणत असे, दारात उभी राहून पाहत होती. व्यापाऱ्याने तिला विचारलेसुद्धा, "काकी, घेऊ ना पाणी?"

"घ्या की," काकी म्हणाली. "पाहुणे तुम्ही."

चौथ्या दिवशी भरतीबरोबर निघायचे होते. नाव लखलखत होती आणि व्यापारी नव्या नवरदेवासारखा तिच्यापुढे उभा होता. निरोप द्यायला काकी आली. सोबत बायका, आणि त्यांच्या डोक्यावर शहाळ्यांच्या टोपल्या. "वाटेत तहान लागली तर असू द्या," ती म्हणाली. तिने एक शहाळे सोलून तांडेलापुढे धरले.

तांडेलाने ते घेतले नाही. "मला विहिरीचं पाणी दे," तो म्हणाला.

काकीचा चेहरा पडला. "शहाळं गोड आहे, दादा. पाणी कशाला?"

"पाणीच दे."

व्यापारी शरमला. ज्या घरचे तीन दिवस खाल्ले, तिथली शेवटची भेट अशी झिडकारायची? वय झाले की माणूस हट्टी होतो, असे मनाशी म्हणत तो काकीकडे पाहून ओशाळे हसला. ती हसली नाही. खाली मान घालून गेली आणि तांब्या घेऊन आली. तांडेल अर्धे पाणी शांतपणे प्याला. उरलेला तांब्या त्याने व्यापाऱ्याच्या हातात दिला.

पहिल्याच घोटाला व्यापाऱ्याचे तोंड वाकडे झाले. पाणी खारट होते.

"माफ करा," काकी हळूच म्हणाली. "विहीर रुसली आमची. पाहुण्याला असं पाणी द्यायचं म्हणजे…"

तेव्हा व्यापाऱ्याच्या ध्यानात आले, की ही शहाळी कशासाठी होती. पाहुण्याला पाण्याची चव कळू नये आणि त्याला अपराधी वाटू नये, म्हणून सकाळपासून चौदा घरांनी ती माडांवरून उतरवली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. काल याच पाण्याने आपण टाचा घासल्या, हे त्याला आठवले, आणि ते आठवू नये म्हणून त्याने डोळे मिटले. उपयोग झाला नाही.

तांडेल म्हणाला, "शेट, असल्या बेटाखाली सगळीकडे समुद्रच आहे. पावसाचं गोडं पाणी त्याच्यावर तरंगतं, दुधावर साय धरावी तसं. साय ओरबाडली की खालचं वर येतं. आता पाऊस पडेस्तोवर, तीन महिने, ही माणसं हेच पिणार. तुम्ही विचारलंत, तिनं 'घ्या' म्हटलं. ती दुसरं काय म्हणणार? पंगतीत वाढणारा कधी 'पुरे' म्हणतो का? 'पुरे' जेवणाऱ्यानं म्हणायचं असतं. आणि 'पाणी दाखवा' म्हणालो मी, किती ते सांगितलं नाही. काल संध्याकाळी चूळ भरली तेव्हा मला समजलं. शिकवणारा मी, तेव्हा निम्मी लाज माझी. म्हणून निम्मा तांब्या मी प्यालो."

व्यापाऱ्याने उरलेले पाणी थेंबभरही न टाकता संपवले. मग तो काकीपुढे उभा राहिला. "काकी, विहीर रुसली नाही," तो म्हणाला. "मी नासवली."

"ठाऊक आहे," काकी म्हणाली. "मी दारातच होते."

"मग थांबवलं का नाहीत?"

"पाहुण्याच्या हातातला पोहरा कोण धरणार?"

सफर तिथेच संपली. नावेतली, आधीच्या बेटावर भरून घेतलेली पाण्याची पिंपे व्यापाऱ्याने किनाऱ्यावर उतरवली. एका दिवसाच्या वाटेवर मोठे बेट होते आणि तिथे बारमाही झरा होता. ती देखणी नाव पावसाळ्यापर्यंत त्या दोन बेटांमध्ये पाणी वाहत राहिली. बेटावर कोणी त्याला दोष दिला नाही. दर खेपेला चटई अंथरली जाई, मासा भाजला जाई. रागावले असते तर बरे, असे त्याला वाटे. लोक त्याला पाहुणाच मानत होते.

वैशाखातल्या एका खेपेला त्याने घाईघाईत पिंप फळीवरून गडगडत सोडले. ते दगडावर आपटले, बूच उडाले आणि पाणी भळभळ वाळूत मुरू लागले. काकी कमरेला पदर खोचून धावत आली.

"डोळे कुठं ठेवलेत?" ती कडाडली. "अर्धं पिंप घालवलंत की! धरा त्या बाजूनं. असे बघत काय उभे राहिलात?"

व्यापाऱ्याने धावत जाऊन पिंप धरले. मान खाली, कान लाल. सुकाणूपाशी बसलेला तांडेल मोठ्याने हसला. एवढ्या महिन्यांत तो प्रथमच हसत होता.

"शेट," तो म्हणाला, "आज तुम्ही या घरचे झालात."

व्यापाऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. काकी अजून बोलतच होती, आणि तो एकेक शब्द ऐकून घेत होता.

जिथे आपल्याला कोणी रागावत नाही, तिथे आपला हात आपणच आवरावा.