न शिवता पडलेला पीळ

एकदा एक वृद्ध शास्त्रज्ञ प्रयोगशाळेतली हयात संपवून कोकणातल्या आपल्या गावी परतले. सातवीतच शाळा सोडलेला एक तरुण संध्याकाळी त्यांच्याकडे शिकायला येई, त्यांना गुरुजी म्हणे.

शिमग्याआधी देवळाच्या मंडपात गोफाचा सराव चालला होता. आढ्याला बांधलेल्या रंगीत दोऱ्या हाती धरून नाचणारे एकमेकांना वळसे घालतात आणि वर गोफ विणला जातो. तो अर्धा झाला असतानाच तरुणाच्या शेजारी नाचणाऱ्या थोरल्या भावाच्या छातीत कळ आली. हा रिक्षा आणायला धावत सुटला. तेवढ्यात लोकांनी भावाला दुसऱ्याच गाडीतून नेलं. हा रुग्णालयात पोहोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

दिवसकार्य आटोपताच तो कोयता घेऊन मंडपात शिरला. गुरुजी मागोमाग आले.

"गोफाला कोयता? नारळ समजलास काय रे?"

"हसू नका, गुरुजी. दादा गेला, आता हा लोंबत कशाला ठेवायचा? शेजारी नाचत होतो, पण त्याला साधा हात लावला नाही. शेवटचा स्पर्शही माझ्या वाट्याला आला नाही. काय उरलं माझ्याकडे?"

गुरुजींनी भावाची दोरी उचलून ताणून धरली, तरुणाची त्याच्या हाती दिली आणि म्हणाले, "माझ्याभोवती एक फेरी मार. मला शिवू नकोस."

"आत्ता नाचू?"

"नुसता चाल."

कोयता टाकून, धुसफुसत त्याने फेरी पुरी केली.

"काय बदललं?"

"काय बदलणार? होतो तिथंच आहे."

"वर बघ."

दोन्ही दोऱ्यांना एकमेकींचा पीळ पडला होता.

गुरुजी म्हणाले, "काही स्फटिक कितीही गारठवले, तरी त्यांच्यातले इवलेसे चुंबक ठराविक दिशेला तोंड करून गोठत नाहीत, द्रवासारखे चंचल राहतात. त्यांच्यात विलक्षण कण उपजतात. एक कण दुसऱ्याला वळसा घालून मूळ जागी येतो. स्पर्श नाही, धक्का नाही, सगळं जिथल्या तिथं. तरी त्या साऱ्या रचनेत तो फेरा राहतो. एकट्या कणात शोधलास तर सापडत नाही. तो दोघांचा मिळून असतो. स्पर्शाचं काय घेऊन बसलास? लहानपणापासून किती फिरलास दादाभोवती!"

तो पिळाकडे बघत राहिला. "उलटा फिरलो तर सुटेल?"

"सुटेल. फिरायचंय?"

"नको, नको!"

तो इतक्या जोरात ओरडला की त्याचं त्यालाच हसू आलं, आणि हसता हसता तो रडला. बऱ्याच दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेला.

"गुरुजी, तुमच्या घरात खायला काही आहे का?"

"सकाळची भाकरी आहे. कालवण आंबलं असेल."

"चालेल," तो म्हणाला.